तळहातावर ठेवलेले वीस रुपये

माझं शिलाई मशीन दाराजवळ आहे आणि दार कडूबातात्यांच्या किराणा दुकानासमोर आहे. मधे रस्ता, तोही असा की बैलगाडी आली तर मोटारसायकलनं थांबावं. त्यामुळे आमच्या वाटूर गावात कुणाच्या घरी पाहुणे आले हे मला साखरेवरून कळतं आणि कुणाच्या घरी भांडण झालं हे डोकेदुखीच्या गोळ्यांवरून. लोक म्हणतात, बेबीनंदाला गावाच्या चौकशा फार. मी म्हणते, मी कुठं चौकशा करते, त्या आपणहून रस्ता ओलांडून येतात.

माझ्या शेजारी अप्पाराव राहतात. त्यांची आणि आमची भिंत एक. वय त्र्याहत्तर, पाठ ताठ, सदऱ्याला इस्त्री एवढी कडक की त्यांच्याकडे पाहून मला माझ्या शिलाईची लाज वाटावी. अंकुशनगरच्या साखर कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं वजनकाट्यावर काढली. उसाच्या गाड्या मोजता मोजता माणसंही मोजायची सवय लागली असावी, कारण समोरच्याकडे ते नेहमी दोन क्षण जास्त पाहतात. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा नागसेन परतूरला मास्तर, सून अक्षता घरी. मी या गल्लीची लेक, सासरहून परत आलेली, तेव्हा माझ्या तोंडाला लगाम घालणारं कुणी नाही. अप्पाकाकांना मी लहानपणापासून छळत आलेय. ते ऐकून घेतात आणि शेवटी एकच वाक्य असं बोलतात की माझी दहा वाक्यं फुकट जातात.

त्यांची एक सवय अख्ख्या गल्लीला पाठ होती. सकाळी साडेसातला दुकानाच्या तीन पायऱ्या चढायच्या, अर्धा लिटर दुधाची पिशवी घ्यायची, पन्नासची नोट द्यायची. मग उजवा हात पुढे करायचा. पंजा सपाट, बोटं जुळलेली, जसा काही तिथं दिवा ठेवायचा आहे. वरचे वीस रुपये त्या तळहातावर ठेवले जाईपर्यंत तो हात मागे यायचा नाही. काचेवर ठेवले तर ते तिकडे बघायचेदेखील नाहीत. मागे दहा गिऱ्हाइकं उभी असोत, बस निघायला आलेली असो. सुट्टे तीस त्यांनी कधी आणलेच नाहीत. पूर्वी दुधाऐवजी मीठ, काडेपेटी, काहीही घेत, पण नोट मोठीच असायची.

मी म्हणायचे, काका, हात दाखवायचाच तर ज्योतिषाला दाखवा, कडूबातात्यांना रेषा वाचता येत न्हाईत. ते म्हणायचे, "रेषा वाचायच्या न्हाईत. पैसे ठेवायचे आहेत."

ही नुसती खोड नव्हती, हे मला ठाऊक होतं. आमच्या गल्लीत माझ्या वयाच्या सगळ्यांना ठाऊक आहे. आम्हाला ते आयांनी सांगितलं.

दुकान मूळ रामरावांचं, कडूबातात्यांच्या वडिलांचं. त्यांच्या काळात आमच्या लोकांनी पायऱ्यांच्या खाली उभं राहायचं. पैसे खालच्या पायरीवर ठेवायचे. रामराव त्यावर तांब्यातलं पाणी शिंपडायचे आणि मग उचलायचे. माल वरून पदरात टाकायचे, उरलेले पैसेही वरूनच. छप्पन साली आमच्या लोकांनी धम्म घेतला, घरातले देव बाहेर काढले. पण गावात दुकान एकच होतं आणि मीठ तर रोजच लागतं. ही गोष्ट त्यानंतर तीनेक वर्षांची, अप्पाकाका आठ-नऊ वर्षांचे असतील. एकदा वरून टाकलेलं नाणं त्यांच्या आईच्या पदराला लागून गटारात गेलं. त्या बाईनं कोपरापर्यंत हात घालून ते शोधलं. रामराव वर तंबाखू मळत पाहत बसले. त्यांच्या मांडीला टेकून सात वर्षांचा कडूबाही पाहत होता.

पुढे अठ्ठ्याहत्तर साली रामरावांना दिसेनासं झालं आणि गल्ल्यावर कडूबातात्या बसले. अप्पाकाका कारखान्यातून सुट्टीवर आले होते. ते सरळ तीन पायऱ्या चढून गेले, नोट दिली आणि हात पुढे केला. दुकानात गर्दी होती. माझी आई तिथं होती, ती सांगायची की कुणी खोकलंसुद्धा नाही. कडूबातात्यांनी त्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. मग एकेक नाणं त्यावर ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं.

तेव्हापासून पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षं हेच. म्हणून दोघं जिवलग मित्र झाले असं मात्र समजू नका. एकमेकांच्या घरी ते कधी जेवले नाहीत. बोलणं म्हणजे "दूध आलंय का" आणि "आलंय." बस. पण कडूबातात्या सकाळी गल्ल्यावर बसले की आधी सुट्ट्यांचा डबा उघडून वीसची एक नोट बाजूला काढून ठेवायचे. सगळ्यांत कमी चुरगळलेली. हे मी समोरून बघत आलेय.

मागच्या भाद्रपदात कडूबातात्यांना झटका आला. उजवी बाजू गेली. संभाजीनगरला नेलं, महिन्यानं आणलं, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत खाट टाकली. तोंडातून शब्द निघायचा, पण अर्धा. दुकान मुलाच्या, हरिओमच्या हातात आलं.

हरिओम पोरगा वाईट नाही. केसांना तेल लावतो त्यापेक्षा डोक्याला कमी लावतो एवढंच. वय अठ्ठावीस. त्यानं येताच बोलका डबा आणला. तुम्ही मोबाइलनं पैसे दिले की त्यातली बाई मोठ्यानं सांगते, एवढे रुपये मिळाले. त्याची बायको शालू मला म्हणाली, आक्का, दिवसभर तिचंच ऐकतात, माझं एक ऐकत न्हाईत. मी म्हटलं, तूही फक्त पैसे आल्यावरच बोलत जा, बघ मंग कसे कान टवकारतील.

खरं सांगायचं तर सगळ्यांनाच ते बरं वाटलं. गोजरबाई भाजीवालीनं स्कॅनरचं कार्ड तराजूच्या दांडीला बांधलं. माझ्याकडेही ब्लाउजची शिलाई मोबाइलवरच येते. सुट्ट्याच्या बदल्यात गोळ्या-चॉकलेट देणं बंद झालं. कुणाला कुणाच्या हातात काही द्यावं लागत नाही.

मग दिवाळीच्या आधी दुकानात चोरी झाली. भरदुपारी, हरिओम आत बापाला कूस बदलून देत होता तेवढ्यात कुणीतरी गल्ला साफ केला. हरिओमनं ठरवलं की आता रोकड ठेवायचीच नाही. समोर लोखंडी ग्रिल लावली, तिच्यात माल द्यायला एक झरोका, झरोक्याखाली एक फळी. ओट्यावर नवी पांढरी फरशी बसवली. ती चिखलाच्या पायांनी खराब होऊ नये म्हणून स्कॅनरचं कार्ड खाली, रस्त्याच्या बाजूच्या खांबाला चिकटवलं. आणि एक पाटी रंगवून आणली. लाल अक्षरं, पिवळी जमीन:

कृपया पायरी चढू नये. स्कॅनर खाली लावला आहे. खालूनच पैसे द्यावेत.

मी ती पाटी वाचली तेव्हा माझ्या हातातली कात्री थांबली. आणि मी काय केलं? चेष्टा केली. हरिओमला ओरडून विचारलं, सासरा आला तर त्यालाही खालूनच स्कॅन करणार का रे. तो हसला. म्हणाला, आक्का, फरशी बावीस हजाराची हाय. त्याच्या हसण्यात काहीच नव्हतं. त्याला खरोखर ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साडेसातला अप्पाकाका आले. पहिल्या पायरीवर पाय ठेवणार, तर पाटी दिसली. ते ती वाचत उभे राहिले. तीन वाक्यं वाचायला माणसाला एवढा वेळ लागत नाही. आतून हरिओमनं सांगितलं की काका, आता रोख न्हाई, तिथूनच स्कॅन करा. काकांनी पन्नासची नोट खिशात परत घातली, पाय मागे घेतला आणि घरी गेले. त्यानंतर चार दिवस ते दुकानाकडे फिरकले नाहीत. अर्धा कोस चालून फाट्यावरून दूध आणत. गल्लीतला बुद्धभूषण चिडला, पाटीचा फोटो काढून सगळीकडे पाठवतो म्हणाला. काकांनी त्याला बसवलं आणि सांगितलं की पाटी सगळ्यांसाठी आहे, आपल्या एकट्यासाठी नाही, पोरानं फरशीसाठी लावली आहे. बुद्धभूषणानं विचारलं, मंग तुम्ही का जात न्हाई दुकानात? त्यावर काका उठले आणि फाट्याकडे चालू लागले.

पाचव्या दिवशी अक्षतानं मला भिंतीवरून बातमी दिली. मामांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, मोबाइल शिकायला घेतला म्हणे. नागसेननं जुना फोन दिला, अक्षतानं खातं जोडलं, पिन ठेवला. दोन दिवस काका घरातल्या घरात सराव करत होते. शिकताना त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला. जास्त पैसे गेले तर परत कसे मिळतात? अक्षता म्हणाली, दुकानदार परत पाठवतो, न्हाई तर हातात देतो. काकांनी मान हलवली आणि फोन बंद केला.

सातव्या दिवशी सकाळी अप्पाकाका खांबापाशी उभे. फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरून त्यांनी स्कॅन केलं. डब्यातली बाई खणखणीत बोलली, पन्नास रुपये मिळाले. हरिओमनं झरोक्यातून दुधाची पिशवी फळीवर ठेवली आणि म्हणाला, काका, तीसच झाले, वीस जास्त टाकले तुम्ही, परत पाठवतो. काका म्हणाले, मोबाइलवर नको. आणि खालूनच हात वर केला. पंजा सपाट, बोटं जुळलेली. फळी त्यांच्या खांद्याएवढी उंच, त्यामुळे हात खांद्याच्या वर गेला होता. हरिओमनं कुठूनशी वीसची नोट शोधून आणली आणि फळीवर ठेवून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. काकांचा हात तसाच. दोन मिनिटं. तीन मिनिटं. मग त्यांनी पिशवी घेतली आणि नोट तिथंच ठेवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशीही तेच. पन्नास. फळीवर वीस. काका नुसतं दूध घेऊन परत. तिसऱ्या दिवशीही.

आता माझा गुन्हा सांगते. मला वाटलं, म्हाताऱ्याच्या बोटांना पन्नासचीच सवय लागलीय, आकडा बदलता येत नाही. आणि मी ते गावभर केलं. गिरणीत सांगितलं, पाणी भरताना सांगितलं, मापं घेता घेता सांगितलं. वजनकाट्यावर एकतीस वर्षं काढली आणि आता तीस न् पन्नास यातला फरक कळत न्हाई, असं म्हणून बायकांना हसवलं. कुणीतरी ते काकांच्या कानावर घातलं. संध्याकाळी ते माझ्या दाराशी आले. मी मशीन चालवायचं थांबवलं.

"बेबे," ते म्हणाले, "मला तीस बराबर टाकता येतात."

एवढंच बोलून ते गेले. मी सुईत दोरा ओवायला घेतला तर तो काही केल्या जाईना. पायरी चढायची नाही, रोख द्यायची नाही, तर आता तळहातावर पैसे ठेवून घेण्याची एकच वाट उरली होती, आणि ती त्यांनी त्या मोबाइलमधूनच काढली होती. त्यांना वीस रुपये नको होते. फळीवर तर तीन दिवसांचे साठ पडलेच होते, शालूनं ते बरणीखाली दाबून ठेवले होते. त्यांना हे पाहायचं होतं की रामरावांचा नातू त्यांच्या हातावर ठेवतो की नाही.

मी हरिओमला सांगायला हवं होतं. रस्ता ओलांडायला चार पावलं लागतात. मी गेले नाही. कसं सांगायचं? तुझा आजा असा होता, हे कोणत्या तोंडानं सांगायचं, आणि तेही आमच्या गल्लीतल्या बाईनं?

पण मागच्या खोलीत खाटेवर पडलेल्या माणसाला कान होते. हे मला नंतर शालूनं सांगितलं. रोज सकाळी डबा बोलायचा, पन्नास रुपये मिळाले. पाठोपाठ हरिओमचा आवाज यायचा, काका, तीसच झाले. मग काहीच नाही. सुट्टे दिल्याचा, घेतल्याचा, "येतो" म्हटल्याचा आवाज नाही. सहा दिवस कडूबातात्यांनी हे ऐकलं. सहाव्या दिवशी दुपारी ते डाव्या हातानं स्टीलचा पेला भिंतीवर आपटू लागले. शालूला वाटलं पाणी पाहिजे. ते पाणी नको म्हणाले. मग कशीबशी तुटक शब्दांत त्यांनी इच्छा सांगितली, उद्या मला पुढं बसवा.

सातव्या सकाळी हरिओमनं आणि शालूनं त्यांना उचलून प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्ची ग्रिलच्या आत आणून ठेवली. पाठीला उशी, मांडीवर शाल. एक खांदा उतरलेला, तोंड एका बाजूला. गल्लीत बातमी माझ्याआधी पोचली, तीन-चार जण उगाच बिस्किटं घ्यायला आले.

अप्पाकाका आले. त्यांनी कडूबातात्यांना पाहिलं आणि क्षणभर थांबले. मग रोजच्यासारखं स्कॅन केलं. डबा बोलला. काकांनी हात वर केला.

कडूबातात्यांनी मान हलवून हरिओमला खूण केली. हरिओमनं वीसची नोट त्यांच्या डाव्या हातात दिली. ते नाही म्हणाले. डाव्या हातानं त्यांनी ती नोट आपल्या मेलेल्या उजव्या हाताच्या बोटांत खोचायला सुरुवात केली. बोटं मिटत नव्हती. नोट दोनदा मांडीवर पडली. हरिओम मदतीला वाकला तर त्यांनी कोपरानं त्याला बाजूला सारलं. शेवटी ती बसली. मग ते ग्रिलकडे बघून म्हणाले, "उघड."

हरिओमनं कुलूप काढलं.

"अप्पा," कडूबातात्या म्हणाले, "वर ये."

अप्पाकाका खालीच उभे. म्हणाले, "पाटी लावलीय ना."

कडूबातात्यांना पाटी माहीतच नव्हती. ती लागली तेव्हा ते आत खाटेवर होते. त्यांनी मुलाकडे पाहिलं. "कसली... पाटी?"

"काही न्हाई दादा, फरशीसाठी लावली," हरिओम म्हणाला.

"वाच."

हरिओम बाहेर आला आणि त्यानं पाटी भराभर वाचून टाकली, शाळेत धडा वाचावा तशी. कडूबातात्या म्हणाले, "परत." या वेळी तो सावकाश वाचू लागला. पायरी चढू नये. खालूनच पैसे द्यावेत. वाचता वाचता त्याचा आवाज कमी झाला. का, ते त्याला अजून कळलं नव्हतं, पण बापाचा चेहरा तो पाहत होता.

"तुझा आजा," कडूबातात्या म्हणाले. एकेका शब्दाला वेळ लागत होता आणि कुणी मधे बोलत नव्हतं. "ह्यांना... खाली उभं करायचा. वरून टाकायचा. पैसे. ह्याची माय... गटारीत हात घालून... मी इथंच बसेल होतो. मी पाह्यलंय."

हरिओम पाटीपाशी उभा होता. त्यानं आधी काकांकडे पाहिलं, मग आमच्याकडे, म्हणजे आमच्या गल्लीतल्या जेवढ्यांना तिथं पाहता येईल तेवढ्यांकडे. आम्ही कुणी चकित झालो नव्हतो. ते बहुधा त्याला सगळ्यांत जास्त लागलं.

"मला कुणी सांगितलंच न्हाई, दादा."

"मी न्हाई सांगितलं," कडूबातात्या म्हणाले.

मग अप्पाकाका पायऱ्या चढले. एक, दोन, तीन. चपला त्यांनी खालीच काढल्या, नवी फरशी होती म्हणून. कडूबातात्यांनी डाव्या हातानं आपलं उजवं मनगट धरलं, दुसऱ्याचा हात उचलावा तसा तो उचलला आणि काकांच्या तळहातावर टेकवला. नोट सुटेना. बोटं अडकली होती. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"सावकाश," अप्पाकाका म्हणाले. "मला घाई न्हाई."

नोट सुटायला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. सुटली तेव्हा काकांनी मूठ मिटली, दूध घेतलं, चपला घातल्या आणि गेले. बिस्किटं घ्यायला आलेले लोक बिस्किटं न घेताच पांगले.

दुपारी हरिओमनं पाटी उतरवली. मग तो रस्ता ओलांडून माझ्याकडे आला. बसला नाही. डोळे लाल होते, पण आवाज चिडका होता.

"मी कुणाला हलकं समजतो का, आक्का? सांगा. मी सगळ्यांनाच खालून या म्हणलो."

मी म्हटलं, न्हाई रे बाबा, तू कुणाला हलकं समजत न्हाईस.

"मंग तुम्ही तरी सांगायचं. गावातलं सगळं तुम्हीच सांगत राहता. हे एवढं सांगता आलं न्हाई?"

मला पन्नास वर्षं झाली बोलायला शिकून. मी मशीनवरच्या कापडाची घडी घातली.

त्यानंतर रोज सकाळी ग्रिल उघडी असायची आणि काका वर जायचे. फोनवरून पन्नास टाकायचे. नोटेवर परत यायला त्यांनी नकार दिला, आता जमतंय तर राहू दे म्हणाले. हरिओम वीस त्यांच्या हातावर ठेवायचा. पण कसा? रोग्याला औषध पाजावं तसा. नोट दोन बोटांच्या टोकात धरायची, अलगद टेकवायची आणि नजर बरण्यांवर. एकदा काका म्हणाले, माझ्याकडं पाहून दे. त्यानं पाहिलं, आणि त्याच्या मानेची शीर ताठ झाली. बापानं सांगितलं म्हणून तो देत होता. त्याला दररोज सकाळी आपल्यावर एक खटला चालल्यासारखं वाटत होतं, हे इथून, रस्त्यापलीकडूनही दिसत होतं. काकांना दिसत नसेल? वजनकाट्यावरचा माणूस तो. अक्षता म्हणाली, मामा हल्ली दूध आणून आले की बराच वेळ नुसते बसून राहतात.

पौषात कडूबातात्या गेले. दुसरा झटका, पहाटे, कुणाला कळायच्या आत. अप्पाकाका अंत्ययात्रेला गेले. आमच्या गल्लीतून आणखी चार जण गेले. काका सगळं संपेपर्यंत तिथं थांबले, आणि परत येऊन अंगणात अंघोळ केली. मी काहीबाही बोलायला भिंतीपाशी गेले होते, पण त्यांच्याकडे पाहून परत फिरले.

तेरा दिवस दुकान बंद होतं. काका फाट्यावरून दूध आणत होते. चौदाव्या दिवशी सकाळी शटर वर गेलं. हरिओमचं डोकं तुळतुळीत, त्यावर टोपी, चेहरा एका पंधरवड्यात बापासारखा झालेला. सांगणारा बाप आता नव्हता. हरिओम काय करतो हे मला पाहायचं होतं, आणि का कुणास ठाऊक, पाहायचं नव्हतंही. मी उगाच एक बाही उसवायला घेतली.

साडेसातला अप्पाकाका आले. ग्रिल उघडी होती, पाटी नव्हती, पायऱ्या मोकळ्या होत्या. पण ते चढले नाहीत. खांबापाशी रस्त्यावरच उभे राहिले आणि तिथूनच स्कॅन केलं. डबा बोलला, पन्नास रुपये मिळाले. हरिओमनं दूध झरोक्यातून फळीवर ठेवलं, सवयीनं. काका खाली उभे. या वेळी त्यांनी हातही वर केला नाही. दोन्ही हात बाजूला.

शालू आतून हळूच म्हणाली, काकांना वर बोलवा की.

हरिओम गल्ल्याकडे वळला. त्यानं सुट्ट्यांचा डबा उघडला. एक नोट काढली, ती परत ठेवली, दुसरी काढली. मग ग्रिलमधून बाहेर आला आणि अनवाणी तीन पायऱ्या उतरून रस्त्यावर आला. पौषातला रस्ता, दगडावर पाय टेकवेना एवढी थंडी. तो काकांच्या समोर उभा राहिला. दोघांची उंची जवळपास सारखी आहे हे मला तेव्हा कळलं. मग काकांनी हात पुढे केला. हरिओमनं त्यांच्या डोळ्यांत पाहत नोट तळहातावर ठेवली आणि ठेवल्यावर हात काढून घेतला नाही. तसाच राहू दिला, त्या तळहातावर.

"दादा गेले, काका," तो म्हणाला.

"हो," अप्पाकाका म्हणाले. "गेले."

 मागून एक टेम्पो येऊन थांबला, त्यानं हॉर्न वाजवला नाही. मग काकांनी मूठ मिटली, वळले आणि घराकडे चालू लागले. हरिओम पायऱ्या चढला, टोपी काढून तोंड पुसलं आणि आत गेला.

दूध फळीवरच राहिलं. मी रस्ता ओलांडला, पिशवी उचलली आणि काकांच्या मागोमाग निघाले. ते पुढे दहा पावलांवर होते. मी त्यांना हाक मारली नाही.